तुकडा आणि अख्खी गोष्ट

६ जुलै २०१८ला नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’ आली. या मालिकेवरून पहिला गदारोळ झाला तो राजीव गांधींविषयीच्या संवादांवरून. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, वाहिन्यांवर चर्चा झडल्या. शेवटी एका काल्पनिक पात्राच्या मतानं आपल्या वडिलांच्या आयुष्यात काही फरक पडत नाही, अशा अर्थाचं ट्वीट करून खुद्द राहुल गांधींनीच त्यावर पाणी टाकलं.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट चालली होती, पण तिच्यासाठी कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. मालिकेतल्या गुंड गणेश गायतोंडेची बायको सुभद्रा हिच्या एका प्रणयदृश्याचा तुकडा मालिकेतून कापून व्हॉट्सअॅपवर सोडला गेला. ना मालिकेचं नाव, ना प्रसंगाचा आगापिछा. तुकडा एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेला, अश्लील संकेतस्थळांवर चढला आणि फिरत फिरत सुभद्रा साकारणाऱ्या राजश्री देशपांडेच्या फोनवरही येऊन पोचला. दृश्यात गायतोंडे झालेला नवाझुद्दीन सिद्दीकीही होता. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. शिव्या, शेरे आणि ‘तसली नटी’ हा शिक्का एकटीच्या वाट्याला आला. त्यावर तिचं म्हणणं सरळ होतं: भूमिकेवर विश्वास होता, लाज वाटावी असं काही केलेलं नाही; हाती आलेली गोष्ट पुढे ढकलण्याआधी माणसानं क्षणभर विचार करावा.

आता ज्यांनी मालिका पाहिली त्यांना सुभद्रा कशी आठवते? गायतोंडेसमोर मान खाली न घालणारी बाई म्हणून. मुंबईवर राज्य करायला निघालेल्या या माणसाला घरात बायकोपुढे नमतं घ्यावं लागतं, तो तिच्यात गुंततो आणि तिच्या हत्येनंतर सैरभैर होऊन रक्तपात करत सुटतो. गायतोंडेच्या कथेचा एक मोठा सांधा या बाईवर पेललेला आहे. वादग्रस्त दृश्य त्या सांध्याचाच भाग होतं. पण सांधा उकलून नुसतं हाड हातात घेतलं की त्याचं काहीही करता येतं.

राजश्री मूळची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. घर शेतकऱ्याचं. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये कायद्याचं शिक्षण, मग जाहिरात क्षेत्रात नोकरी आणि व्यवसाय, आणि बस्तान बसत असताना ते सोडून मुंबईत व्हिसलिंग वूड्समध्ये अभिनयाचे धडे. ‘तलाश’ (२०१२) आणि सलमान खानचा ‘किक’ (२०१४) या चित्रपटांत ती आहे, पण शोधून काढावी लागते. तिची दखल घ्यावी लागली ती २०१५मध्ये. पॅन नलिन यांच्या ‘अँग्री इंडियन गॉडेसेस’मध्ये गोव्यातल्या घरात काम करणारी लक्ष्मी तिनं उभी केली. टोरंटो महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीत हा चित्रपट ‘रूम’खालोखाल दुसरा आला. ज्या ‘स्पॉटलाइट’ला पुढे ऑस्कर मिळालं, तो तिसरा होता.

त्यानंतर मल्याळम दिग्दर्शक सनलकुमार शशिधरन यांचा चित्रपट. रात्रीच्या रस्त्यावर एक मुलगी (राजश्री) आणि तिचा साथीदार वाहनाची वाट पाहत उभे आहेत, एक गाडी थांबते, आणि पुढची सगळी रात्र त्या गाडीतल्या पुरुषांच्या ‘मदती’त जाते. बांधीव पटकथेशिवाय केलेल्या या चित्रपटाला २०१७मध्ये रॉटरडॅमचा टायगर पुरस्कार मिळाला. भारतीय चित्रपटाला तो पहिल्यांदाच मिळत होता. नाव होतं ‘सेक्सी दुर्गा’. मायदेशी त्याचं ‘एस दुर्गा’ झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फीत निवड समितीनं तो पॅनोरमात घेतला, आणि माहिती-प्रसारण मंत्रालयानं बाहेर काढला. सोबत रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ही गेला. निवड समितीचे अध्यक्ष सुजय घोष यांनी राजीनामा दिला, केरळ उच्च न्यायालयानं ‘एस दुर्गा’ दाखवा म्हणून आदेश दिला, तरी महोत्सव संपेपर्यंत तो पडद्यावर आला नाही. चित्रपटात अंगप्रदर्शन नाही. आहे ती भीती. पण ज्यांनी नाव वाचून मत बनवलं त्यांना ते कळणार कसं?

मोठा योगायोग पुढच्या वर्षी जुळून आला. सुभद्राचा तुकडा देशभर फिरला जुलैत, आणि २१ सप्टेंबर २०१८ला नंदिता दास यांचा ‘मंटो’ प्रदर्शित झाला. त्यात राजश्री इस्मत चुगताई झाली होती. म्हणजे ‘लिहाफ’ या एका कथेसाठी लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला अंगावर घेतलेली लेखिका. त्या खटल्यात इस्मत आपा सुटल्या, पण उरलेलं आयुष्यभर लोक त्यांना बाकीच्या लेखनाआधी ‘लिहाफ’चंच विचारत राहिले. अख्ख्या कारकिर्दीतून एकच पान फाडून हातात धरण्याची खोड व्हॉट्सअॅपनं शोधलेली नाही, एवढं त्यावरून कळतं.

हा सगळा मामला भंडारा जिल्ह्यात बसून पाहिला की वेगळा दिसतो, कारण इथे नटीला पाहण्याची आणखी एक रीत आहे आणि ती अजून जिवंत आहे.

भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी हे सात तालुके वैनगंगेच्या पाण्याचे आणि धानाचे. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या लगतच्या मुलखासह ही झाडीपट्टी. हलका धान कापून होतो, भाऊबीज सरते आणि गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे दिवसा बाजार-जत्रा, आणि रात्री नाटक. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागले की पटाच्या निमित्तानंही नाटक. लाखांदूरला लागून असलेल्या गडचिरोलीतल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. हंगामात गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात, विसार देतात, तारीख पक्की करतात. ‘पाहुणे नाटकाले आले का?’ हा त्या दिवसांतला नेहमीचा प्रश्न. लेकी-जावई, मामे-मावस सगळे त्या रात्री एका गावात गोळा होतात, आणि मुलगी पाहण्याचे कार्यक्रमही त्यातच उरकले जातात. झाडीपट्टीतल्या कितीतरी सोयरिकी नाटकाच्या निमित्तानं जुळल्या, असं इथे कुणीही सांगेल.

नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. वर टांगलेले माइक, रंगवलेले पडदे, बाजूला वाद्यवृंद, समोर गादीचं तिकीट काढलेले पुढचे मानकरी आणि मागे घोंगडी-चादरी घेऊन बसलेलं गाव. कलावंत हंगामात रोज वेगळ्या गावी. तालमीला सवड नाही. काही वेळा भूमिका हातात पडते तीच प्रयोगाच्या तोंडावर, म्हणून विंगेत संहिता धरून उभा असलेला प्रॉम्प्टर हा इथला अर्धा दिग्दर्शक. प्रॉम्प्टरचा शब्द कानानं झेलायचा, तोच क्षणभरानं आपला करून माइककडे फेकायचा, मधे गाणं आलं तर सूर लावायचा, विनोदी नटानं आयत्या वेळी घुसवलेल्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि चौथ्या अंकात आईच्या मृत्यूवर खरोखर रडायचं. हे काम करणाऱ्या बाया नागपूरहून येतात, पुण्या-मुंबईहून येतात, काही याच पट्ट्यातल्या. एकेकाळी खडी गंमत या लोकनाट्यात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. नाटकात बाया आल्या त्यालाही आता बराच काळ लोटला.

या रात्रीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. प्रवेशाचा आणि गाण्याचा संबंध नसताना घातलेले उत्तान नाच, आणि पोस्टरवर नाटककाराच्या नावापेक्षा मोठा छापलेला नर्तकीचा फोटो, यावर इथलेच जाणते लोक वर्षानुवर्षं टीका करत आले आहेत. बाईकडे तुकडा म्हणून पाहणारी नजर नाटकाच्या तंबूतही असते. पण तंबूत तिला पुरतं सुटता येत नाही. शिट्टी मारणारा पोरगा पहाटे चारला त्याच बाईच्या संवादावर डोळे पुसताना दिसतो, कारण तो उठून जाणार कुठे? त्याची मावशी शेजारी बसलेली असते. रात्रभरात नटी त्याला नाचणारी, भांडणारी, हरणारी, म्हातारी अशी सगळी दिसून जाते. निकाल सकाळी लागतो.

म्हणूनच वेब मालिका आली तेव्हा झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला तिच्या लांबीचं अप्रूप वाटण्याचं कारण नव्हतं. सात-आठ तास एका दमात गोष्ट पाहणं इथे नवं नाही. नवं होतं ते एकट्यानं पाहणं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्याच्याकडे नेटफ्लिक्सचं खातं नाही त्याच्याही हातात नेटफ्लिक्समधला कापलेला तुकडा पडू लागला. मावशी शेजारी नाही, पहाट होण्याची भानगड नाही.

राजश्रीनंतरही हे थांबलं नाही. मे २०१९मध्ये नागेश कुकुनूर यांची ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ हॉटस्टारवर आली. त्यात प्रिया बापटनं पौर्णिमा गायकवाड केली. राजकारणी बापाच्या सावलीतून निघून राज्याच्या मुख्यमंत्रिपदापर्यंत जाणारी मुलगी. तीन पर्वं चाललेली भूमिका, मराठी नटीच्या वाट्याला हिंदीत क्वचितच येणारी. मालिका आली तशी चर्चा कशाची झाली? दोन स्त्रियांमधल्या एका प्रणयदृश्याच्या क्लिपची.

चित्रीकरणाच्या जागी मात्र काही गोष्टी बदलत होत्या. अभिनेत्री अमृता सुभाषनं नंतर एका मुलाखतीत सांगितलं की ‘सेक्रेड गेम्स’च्या दुसऱ्या पर्वात (२०१९) तिचं आयुष्यातलं पहिलं प्रणयदृश्य होतं, आणि ते कोणत्या तारखांना ठेवू नये हे ठरवण्यासाठी अनुराग कश्यप यांच्या चमूनं तिला मासिक पाळीच्या तारखा आधी विचारून घेतल्या होत्या. पुढे इंटिमसी कोऑर्डिनेटर नावाचं पद आपल्याकडे आलं: कुठे हात लागेल, कपडा किती सरकेल, सेटवर त्या वेळी कोण थांबेल, हे सगळं लिहून-बोलून आधी ठरवणारी व्यक्ती. काळजी घेतली जाऊ लागली, पण ती कॅमेरा बंद होईपर्यंतच. दृश्य एकदा प्रसारित झालं की त्याचा स्क्रीनशॉट कोण काढतो यावर ना नटीचा ताबा, ना दिग्दर्शकाचा. फेब्रुवारी २०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवर वयोगटांच्या पाट्या आणल्या. तुकड्याला पाटी कुठली?

राजश्रीनं मधल्या काळात जे केलं त्याला धोरणी म्हणता येणार नाही. अनुराग कश्यप यांच्या ‘चोक्ड’मध्ये (२०२०) नोटाबंदीच्या दिवसांतल्या मुंबईच्या इमारतीतली शेजारीण, माधुरी दीक्षितच्या ‘द फेम गेम’मध्ये (२०२२) तपास करणारी पोलीस अधिकारी. संभाजीनगर जिल्ह्यातल्या पांढरी या दुष्काळी गावात ती त्याआधीपासून काम करत होती. पाणी, शौचालयं, मग शाळा. २०१८मध्ये त्या कामासाठी तिनं नभांगण फाउंडेशन ही संस्था काढली. ‘सेक्रेड गेम्स’नंतर लगेच तसल्याच भूमिकांचे चार करार करून टाकायचे सोडून ही गावात नाला खोलीकरण पाहत उभी राहते, हे मुंबईच्या व्यवहाराला शहाणपणाचं वाटलं नसणार.

आणि मग १३ जानेवारी २०२३. ‘ट्रायल बाय फायर’ नेटफ्लिक्सवर आली. तीही सहज नाही. ज्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीवर ती बेतली, त्याचे एक मालक सुशील अन्सल यांनी ती थांबवण्यासाठी घेतलेली धाव दिल्ली उच्च न्यायालयानं आदल्याच दिवशी अडवली होती.

१३ जून १९९७. दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’चा दुपारचा खेळ. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सकाळीच आग लागून गेली होती, घाईघाईनं दुरुस्ती करून तो पुन्हा चालू केलेला. खेळ चालू असताना तो पेटला, धूर वर चढला. बाल्कनीत जादा खुर्च्या घुसवण्यासाठी बाहेर पडायची एक वाट आधीच बंद करून टाकलेली. ५९ माणसं गेली, बहुतेक गुदमरून. शंभराहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं होती, १७ वर्षांची उन्नती आणि १३ वर्षांचा उज्ज्वल. तिकिटं आईनंच काढून दिली होती. त्या महिन्याच्या अखेरीस मृतांच्या नातेवाइकांची संघटना उभी राहिली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं हे दांपत्य कोर्टात गेलं. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अन्सल बंधूंना प्रत्येकी ३० कोटींचा दंड लावून उरलेल्या तुरुंगवासातून मोकळं केलं, २०१७मध्ये धाकट्या गोपाल अन्सल यांना एक वर्षाची शिक्षा झाली. कोर्टातल्या कागदपत्रांशी छेडछाड केल्याच्या खटल्यात २०२१मध्ये सात वर्षं मिळाली, ती पुढच्याच वर्षी भोगलेल्या कैदेवर निभावली.

राजश्रीनं नीलम कृष्णमूर्ती साकारल्या, अभय देओलनं शेखर. सात भाग. हिंदी चित्रपटातल्या आईला अशा प्रसंगी एक किंकाळी दिली जाते आणि मध्यंतर होतं. इथे किंकाळीनंतर सव्वादोन दशकं उरतात, आणि ती सगळी या बाईला काढायची आहेत. मुलांच्या खोलीचं काय करायचं, आसनांचा नकाशा कसा वाचायचा, दार बाहेरून बंद होतं की आतून, वकिलाच्या खोलीबाहेर बाकावर किती वेळ बसायचं. राजश्री या भूमिकेत रडणं फार जपून वापरते. तिचा जबडा आवळला जातो, मान ताठ होत जाते, केस पांढरे होतात, नवऱ्याशी बोलणं कमी होतं. संताप इतका मुरतो की सहानुभूती दाखवायला आलेल्या माणसालाही तिची भीती वाटावी. प्रेक्षकाला ती आवडून घेण्याचा प्रयत्न करत नाही. मालिका अधूनमधून तिला सोडून दुसऱ्यांकडे वळते, आरोपी झालेल्या इलेक्ट्रिशियनकडे (राजेश तैलंग), एका म्हाताऱ्या फौजी जोडप्याकडे (अनुपम खेर आणि रत्ना पाठक-शाह), आणि तरी परत आल्यावर नीलमचं वय बरोबर तेवढं पुढे सरकलेलं असतं. त्या वर्षीचा फिल्मफेअरचा ओटीटीवरच्या नाट्यमालिकेतला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार राजश्रीला मिळाला.

या भूमिकेची क्लिप फिरली का? फिरली असती तर कुणाला काय दिसलं असतं? फायली घेऊन जिना चढणारी एक बाई. यातलं कुठलंच दृश्य कापून वेगळं काढलं तर जगत नाही. त्याच्या पाच वर्षं आधी जिचं काम एका तुकड्यावरून मोजलं गेलं, तिच्या हाती जिचा तुकडा पाडताच येऊ नये अशी भूमिका आली, याचं श्रेय तिच्याइतकंच वेब मालिकेच्या लांबीला द्यायला हवं. दोन तासांच्या चित्रपटात चाळिशीच्या आईला इतकी वर्षं कुणी देत नाही. ५ जानेवारी २०२४ला आलेल्या नीलेश जळमकर यांच्या ‘सत्यशोधक’मध्ये ती सावित्रीबाई होती, संदीप कुलकर्णी जोतिराव. काम चोख, पण जोतिरावांचं अख्खं आयुष्य एका चित्रपटात बसवायचं म्हटल्यावर सावित्रीबाईंना जागा मिळणार किती?

तुकड्याची गोष्ट मात्र तिथे संपली नाही, उलट पुढे गेली. नोव्हेंबर २०२५मध्ये अभिनेत्री गिरिजा ओक या नागपूरच्या मुलीची मुलाखत गाजली. निळी साडी, मोकळं बोलणं, आणि दोन दिवसांत देशानं तिला ‘शोधून’ काढलं. ‘तारे जमीन पर’ २००७चा. ‘दोन स्पेशल’ नाटक, ‘जवान’, ‘इन्स्पेक्टर झेंडे’, वेब मालिका, एवढं सगळं तिनं त्याआधी करून ठेवलेलं होतं. मराठी माणसाला हसू यायचं ते याचंच. पण हसणं टिकलं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेनं तिचे कपडे, तिचं शरीर बदललेले फोटो फिरू लागले. तिनं व्हिडिओ करून सांगितलं: आपला मुलगा बारा वर्षांचा आहे, आज तो समाजमाध्यमं वापरत नाही, पण पुढे कधीतरी हे फोटो त्याच्यासमोर येणार आहेत. राजश्रीच्या वेळी निदान दृश्य तिनं केलेलं होतं. आता कापायलाही काही लागत नाही.

नागपूरपासून भंडारा साठेक किलोमीटर. झाडीपट्टीची नाटकंही आता युट्यूबवर असतात, आणि त्यांतले नाच वेगळे काढून टाकलेले व्हिडिओही. तृषांत इंगळे यांनी इथल्याच कलावंतांना घेऊन केलेला ‘झॉलीवूड’ हा चित्रपट २०२२मध्ये आला. २०२३मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला या रंगभूमीचं नाव कळलं. शंकरपटावरची २०१४ची बंदी डिसेंबर २०२१मध्ये उठल्यानं पटाची नाटकंही परत सुरू झाली आहेत. तरी इथल्या एखाद्या नटीला वेब मालिकेत जायचं असेल तर वडशाच्या कार्यालयातून तिकडे रस्ता जात नाही. तिला सेल्फ-टेप पाठवावी लागते. पांढरी किंवा निळसर भिंत, मोबाईल आडवा, आधी नाव-वय-उंची, मग डावा-उजवा चेहरा, आणि कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या उताऱ्याचा दोन-तीन मिनिटांचा अभिनय. उतारा हिंदीत असतो. गोष्ट काय, पात्र कोण, आधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे त्यात बहुधा दिलेलं नसतं, आणि प्रॉम्प्टरही नसतो.